मुक्ताबाईचा हेल

जिल्ह्याचे साहेब सकाळीच येऊन बसले आणि अनीशच्या तोंडचं पाणी पळालं. पाथर्डीतल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आज त्याच्या यंत्राची परीक्षा होती. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वस्त्यांवर भिंतींवर मदतीचा नंबर रंगवून दोन महिने झाले होते. माणसानं फोन करायचा, काय झालं ते बोलायचं, यंत्रानं ऐकून लिहायचं आणि ते वाचून जीप धाडायची. आजच्या फोनांतले किती शब्द बरोबर लिहिले त्याचा आकडा भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होता. शंभरात एक्क्याण्णव. साहेबांना नव्वद हवे होते. संध्याकाळपर्यंत टिकले तर लाईन जिल्हाभर जाणार, नाही तर गुंडाळणार. अनीश देव पाण्यात घालून बसला होता.

शेजारच्या टेबलावर नाझनीन होती. ही नगरची पोरगी, पण यंत्राला ऐकायला शिकवायचं म्हणून वर्षभर वस्त्या पालथ्या घालून तिनं आवाज गोळा केले होते. सुरुवातीला यंत्र भलतंच बावळट होतं. कुणी फोनजवळ रेडिओ लावला, कुणी हौसेनं भजन म्हटलं की त्याचंही काहीबाही लिहीत बसायचं आणि आकडा धपकन खाली यायचा. म्हणून अनीशनं त्याला चाळणी बसवली. सूर लागला की गाणं समजायचं, 'कृपया गाणे लावू नका' म्हणायचं आणि फोन तोडायचा. गाणं कुठलं आणि बोलणं कुठलं, हे मात्र नाझनीननं शिकवलं होतं. यंत्राचं काय, शिकवाल तेवढंच त्याला येतं, आणि घमेंड मास्तरापेक्षा जास्त.

बाद झालेल्या फोनांवरून तिची नजर सहज फिरली आणि अडकली. एकच नंबर, लागोपाठ तीनदा, शेरा 'गाणं'. हौशी माणूस एकदा गाईल, फार तर दोनदा. तिनं हेडफोन कानाला लावला.

"आगं माझ्या लंके गं... सोन्यावानी आनली गं तुला..."

पुढे यंत्राचं 'कृपया गाणे लावू नका', आणि फोन बंद.

नाझनीननं ते पुन्हा ऐकलं. हे गाणं नव्हतंच. इकडच्या बाया हेल काढून रडतात आणि रडता रडता सगळी हकीकत सांगतात. आधी माणसाला हाक, मग त्याचं कौतुक, मग काय झालं ते. तिचे आजोबा चांदभाई गेले तेव्हा गल्लीतल्या आयाबाया अशाच रडत दारात आल्या होत्या. यंत्र या बाईला कौतुकापाशीच तोडत होतं. नाझनीननं उलट फोन लावला. नंबर व्यस्त होता. बाई पुन्हा पुन्हा त्याच लाईनला फोन लावत असणार.

"सर, चाळणी काढा. आत्ता."

"वेडी झालीस का?" अनीश दबक्या आवाजात म्हणाला. "साहेब बसलेत. आकडा पडेल."

"सर, कुणीतरी मरतंय."

"कशावरून? साहेब चहाला उठले की काढतो ना."

नाझनीनला असा संताप आला की विचारता सोय नाही. तिनं हात लांबवून त्याच्यासमोरचा माऊस ओढला आणि चाळणी बंद केली. नोकरी गेली तर गेली. मग ती फोनकडे डोळे लावून बसली. जीव नुसता टांगणीला लागला होता. आता बाईनं फोन केलाच नाही तर?

फोन वाजला. तोच नंबर. नाझनीननं तो आपल्या हेडफोनवर घेतला.

"आगं लंके गं माझ्या सुने... खरवंडीच्या बाजारातून तुला हिरवा चुडा भरला गं..."

पडद्यावर यंत्र लिहू लागलं: लंका सुने बाजार हिरवा घोडा. आकडा अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याऐंशी.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"आजी, गाव सांगा! कुठली वस्ती?" नाझनीन ओरडली. पण तिकडे ऐकतंय कोण? हेल उलट चढला. बाई आपल्या दुःखात बुडाली होती, आणि बुडालेल्याला सरळ प्रश्न ऐकू येत नाहीत.

रडणाऱ्या बाईला टोकायचं नसतं. तिच्या गळ्यात पडायचं आणि तिच्याच सुरात सूर मिळवायचा, म्हणजे ती उत्तर देते. हे नाझनीननं पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं. समोर साहेब, बाजूला अनीश. तिचे कान लाजेनं तापले. तिनं डोळे मिटले आणि हेल काढला.

"आगं माझ्या माये गं... कुठं गं तुझं घर... कुठल्या वाटंनं येऊ गं..."

तिकडून त्याच सुरात उत्तर आलं.

"पाझर तलावाच्या वर गं लेकी... नागरगोज्यांची वस्ती गं... मुक्ताबाईचं घर गं... गवऱ्या काडाया गेली न् पायाला डसलं गं... दात उठलं गं..."

"श्वास हाय का गं लंकेला..."

"हाय गं... डोळं मिटाया लागली गं..."

नाझनीननं पत्ता लिहून चिठ्ठी सरकवली. ती वाचून अनीश उठला तो खुर्ची पाडूनच. जीपवाल्या कानिफनाथला त्यानं फोनवर दोन वेळा पत्ता सांगितला, तिसऱ्यांदा ओरडून सांगितला.

"पाय हलवू नको गं तिचा... निजवून ठेव गं... जीप निघाली गं..." नाझनीन रडत राहिली, मुक्ताबाई उत्तरं देत राहिली. आकडा एकाहत्तरावर आला.

"बंद करा ते गाणं," साहेब म्हणाले.

"गाणं नाहीये साहेब ते!" अनीश एवढ्या मोठ्यानं बोलला की त्याचा तोच दचकला.

अखेर फोनमधून हॉर्न ऐकू आला आणि पाठोपाठ कानिफनाथचा आवाज, "घेतली बाई जीपमदी. जीव हाय." नाझनीननं हेडफोन काढला.

संध्याकाळी त्याच नंबरवरून फोन आला. आवाज थकलेला, सरळ. "लेकी, सुई दिली. लंकीनं डोळं उघडलं. तू जेवलीस का?"

यंत्रानं शब्दन् शब्द बरोबर लिहिला.

"बघा, येतंय की याला," साहेब खुशीत म्हणाले. "लोकांना असं स्पष्ट बोलायला सांगा म्हणजे झालं."

दोन महिन्यांत 'गाणं' म्हणून बाद झालेले सगळे फोन नाझनीननं पहिल्यापासून उघडले. अनीश खुर्ची ओढून शेजारी बसला. पहिल्याच फोनवर एक बाई कुणाला तरी हाका मारत होती.