टारबेटचे दिवे

संध्याकाळी सूर्य घाटाआड गेला की टारबेटमध्ये चार दिवे लागत. ते कुणासाठी लागतात हे कुणी कुणाला विचारायचं नाही, असा गावाचा शिरस्ता होता.

ओपल रायडनरच्या मोटेलवर हिरव्या निऑनचं ताडाचं झाड होतं. त्याची एकेक झावळी खालून वर पेटत जाई आणि मग सगळं झाड क्षणभर विझून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. टारबेटमध्ये खरं ताडाचं झाड कधीच नव्हतं. पण तिच्या नवऱ्याने, वेंडेलने, लॉस एंजेलिसला एक पाहिलं होतं. समोर एस्टेला यबाराच्या खाणावळीवर कॉफीचा पिवळा कप होता, त्यातून वाफेच्या तीन निळ्या रेघा निघत. रस्त्याच्या टोकाला लाईल बॅस्कमच्या गॅरेजवरचा लाल बाण पेट्रोलच्या पंपाकडे बोट दाखवत उभा असे. पंप कोरडा पडून जमाना लोटला होता. आणि ऑरविल पिंकस्टनच्या दुकानावर एक भलामोठा नाग. आत जिवंत रॅटलस्नेक असल्याचा दावा पाटीवर होता. तो रॅटलस्नेक म्हातारपणाने कधीच गेला होता. ऑरविलने पाटी बदलली नाही, कारण तक्रार करायला कुणी यायला हवं ना.

नवा महामार्ग गावाच्या उत्तरेला दोनेक मैलांवरून गेला होता. गावात उतरायला त्याला फाटाच ठेवला नव्हता. जवळचा फाटा अलीकडे घाटापार, नाहीतर पलीकडे पार मिठाच्या तळ्याशी. त्यामुळे ज्यांना महामार्गावरून टारबेटचे दिवे दिसत त्यांना टारबेटला येता येत नसे, आणि ज्यांना येता आलं असतं त्यांना ते दिसत नसत. नकाशा काढणारा माणूस हुशार असावा. इतका नेम चुकून साधत नाही.

गंमत म्हणजे महामार्गाच्या उद्घाटनाला सगळ्यात जास्त टाळ्या टारबेटनेच वाजवल्या होत्या. रस्ता मोठा म्हणजे गाड्या जास्त, गाड्या जास्त म्हणजे गिऱ्हाईक जास्त, असा सरळ हिशेब होता. एस्टेलाने कडेला टेबल मांडून लिंबाचं सरबत फुकट वाटलं. फीत कापली गेली. सगळ्या गाड्या सरबत पिऊन नव्या रस्त्याला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी टारबेटच्या मुख्य रस्त्यावर एक कुत्रा आडवा झोपला आणि संध्याकाळपर्यंत त्याला कुणी उठवलं नाही. तेव्हा गावाला कळलं.

त्याच संध्याकाळी वेंडेल रायडनर एस्टेलाच्या खाणावळीत उभा राहिला आणि केक-पाय ठेवायच्या काचेच्या कपाटावर हात ठेवून त्याने सगळ्यांना शपथ घातली. दिवे रोज लागलेच पाहिजेत. तिकडून लोकांना गाव जितं दिसलं पाहिजे. आज ना उद्या सरकारला फाटा द्यावाच लागेल. तोवर जो पहिला दिवा मालवेल त्याने गाव मारलं असं समजायचं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे बँक गेली, शाळा गेली, पोस्ट गेलं. पण बँकेने, शाळेने आणि पोस्टाने शपथ घेतली नव्हती. वेंडेल स्वतःही गेला, फुफ्फुसांच्या आजाराने. मागे चौघं आणि चार दिवे राहिले.

आता कुणी आलंच तर फोटोवाले येत. पॅसाडीनाहून आलेल्या एकाने ओपलला जाळीच्या दारावर हात ठेवून उभं केलं आणि जरा दूर बघायला सांगितलं. दूर बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. टाकी गळत होती. तो फोटो म्हणे कुठल्या मासिकात 'वाट पाहणारी' अशा मथळ्याने आला. जाताना त्या माणसाने तिचे दोन्ही हात हातात घेऊन विनवलं, इथलं काहीही बदलू नका. मग तो वातानुकूलित गाडीत बसून जिथे सगळं बदललेलं आहे तिथे निघून गेला.

जुने दिवस आठवतात का, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आठवत नाहीत कसे? उन्हाळ्यात घाट चढता चढता गाड्यांचं पाणी उकळे. लाईल त्यांना ओढून आणी आणि गावाच्या वेशीवर ट्रकचा भोंगा वाजवी. भोंगा ऐकला की एस्टेला बटाटे तळायला टाकी आणि ओपल चादरी काढी. बंपरला कॅनव्हासच्या पाण्याच्या पिशव्या, टपावर गाद्या, मागच्या सीटवर उलट्या करणारी पोरं. पोहण्याच्या हौदात इतकी मुलं, की पाणी शोधावं लागे. टॉवेल चोरीला जात, उशा जात. एकदा एका मिसूरीच्या माणसाने आंघोळीच्या टबात बोकड बांधून ठेवला आणि सकाळी वर तक्रार केली, की टब नीट धुतलेला नव्हता. काउंटरवरची घंटा डोक्यात इतकी बसली होती, की वेंडेलने चमचा कपावर आपटला तरी ओपल "एक खोली की दोन?" असं विचारी.

तिला त्या दिवसांची आठवण येई, पण दाढदुखीची येते तशी. हे फोटोवाल्यांना सांगून उपयोग नव्हता. आणि गावात सांगायची तर सोयच नव्हती. ज्या माणसाने शपथ घातली त्याची ती बायको.

खरी अडचण होती ती कूस बे नावाच्या गावाची. तिची धाकटी बहीण आयव्हा तिकडे ओरेगॉनच्या किनाऱ्यावर राहत होती; धुकं, पाऊस आणि हिरव्यागार शेवाळाने भरलेल्या त्या गावात तिने ओपलसाठी एक खोली राखून ठेवली होती. वर्षानुवर्षं रिकामी. रविवारी तिचा फोन आला. या वेळी तिच्या आवाजात लाड नव्हता.

"शुक्रवारपर्यंत सांग," आयव्हा म्हणाली. "एक निवृत्त दंतवैद्य मागे लागलाय. बॅगपाइप शिकतोय म्हणे. तू नाही म्हणालीस तर मी त्याला देणार, आणि मग जन्मभर तो वाजवेल आणि मी तुझं नाव घेईन."

"दिवे सोडून कशी येऊ गं?"

"तुझ्या त्या दिव्यांना भुलून एक किडा तरी येतो का?"

"किडे येतात," ओपल म्हणाली. ती खोटं बोलत नसे.

सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज संध्याकाळी ती स्विचपाशी जाई, समोरचा कप पेटलेला बघे आणि आपलाही खटका दाबून परत येई. लाईल दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढून बाण पुसतो, एस्टेला डोळ्यांनी नीट दिसत नसताना कप चालू ठेवते. अशा लोकांना सोडून वेंडेलची बायको समुद्रावर जाऊन शेवाळ बघत बसणार? बुधवारी रात्रीच्या जेवणानंतर तिने आयव्हाला नकार कसा द्यायचा याची मनातल्या मनात तालीमही केली.

गुरुवारी झाड पेटलं, तिसऱ्या झावळीपर्यंत गेलं, आणि वर पेटीत फटदिशी आवाज होऊन विझलं. जळक्या रबराचा वास आला. मग काहीतरी थांबलं. ओपलला आधी कळेना, काय थांबलंय. निऑनची ती गुणगुण वर्षानुवर्षं तिच्या डोक्यावर चालू होती; आता फ्रिजचा आवाज ऐकू येत होता, आणि लांब कुठेतरी एक दार आपटत होतं. ती अंगणातल्या लोखंडी खुर्चीत बसली आणि तिने पाय पसरले. आपण मालवलं नाही, ते आपलं आपण गेलं. पेटीतला ट्रान्सफॉर्मर जळला त्याला बाई काय करणार? असले ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळतही नाहीत. तिच्या छातीवरून कुणीतरी कपाट उचलल्यासारखं झालं. वेंडेलची क्षमा मागावी असं तिला वाटलं, पण आधी थोडं बसून घ्यावं, असं जास्त वाटलं.

तेवढ्यात रस्त्यावरून शिडी येताना दिसली. शिडीखाली लाईल होता.

 त्याने शिडी लावली, तो कण्हत वर गेला, पेटी उघडली आणि डोकं हलवत खाली आला. जळून कोळसा झालाय, म्हणाला. ओपलने चेहरा पाडला. काउंटरवर आयुष्य गेलेल्या बाईला ते जड नव्हतं. नशीब, म्हणाली, कुणाचा काय इलाज.

"इलाज आहे की," लाईल म्हणाला. "माझा काढून देतो. बाणाचा. जुळेल तुझ्या झाडाला."

 ओपल घाईने नको म्हणाली, तुझा बाण विझेल. लाईल म्हणाला, विझू दे, बाणाचं काय एवढं. हे तो जरा जास्तच पटकन म्हणाला.

एवढ्यात एस्टेला रस्ता ओलांडून आली. एस्टेलाच्या मुलीची ओपल धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लाईलला बाजूला सारलं. कोमाद्रेच्या झाडाला काही लागणार असेल तर ते कपाचं लागेल. कपाचा ट्रान्सफॉर्मर चांगला, बाणाचा म्हणजे भंगार. लाईल म्हणाला, भंगार तुझी वाफ, तिची मधली रेघ गेल्या वर्षापासून फडफडते आहे. मग ऑरविल आला, हातात पाना आणि काखेत चक्क नागाचा ट्रान्सफॉर्मर. त्याने विचारण्याआधीच काढून आणला होता.

"आत्ताच काढलाय, अजून गरम आहे," ऑरविल धापा टाकत म्हणाला. "लगेच बसवून टाकू."

त्यावर लाईल भडकला. पहिला मी बोललो होतो, म्हणाला. एस्टेला म्हणाली, पहिलं कोण बोललं याला काय विचारायचंय, शेजार कुणाचा जुना? ऑरविलने ट्रान्सफॉर्मर पोटाशी धरला आणि तो मागे सरकायला तयार होईना. आपलं स्वतःचं दुसऱ्याला देण्यासाठी तीन म्हातारी माणसं मोटेलच्या अंगणात हमरीतुमरीवर आली होती. टारबेटमध्ये इतकं औदार्य भरभराटीच्या काळातही कुणी पाहिलं नव्हतं. तेव्हा तर लाईल गाडीच्या पाण्यालाही दाम लावायचा.

ओपल खुर्चीतून बघत होती. काउंटरवर माणूस आला की हा टॉवेल नेणार की नाही हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. आणि आत्ता समोर उभे होते ते तिघेही टॉवेल नेणारे चेहरे.

ती खुर्चीत सरळ बसली. यातला एक जरी ट्रान्सफॉर्मर बसला तर देणारा शपथ न मोडता सुटला, आणि टारबेटचा शेवटचा दिवा तिचा. मग बाकीचे हळूहळू मोकळे, आणि ती ताडाच्या झाडाखाली मरेपर्यंत. उद्या शुक्रवार होता.

"लाईल," ती म्हणाली, "तुला कुठे जायचंय?"

 लाईलने आपला पाना खिशात ठेवला. मग सांगितलं, की मुलगा फ्रेस्नोला बोलावतोय, घर तळमजल्यावरचं आहे, आणि आपण उरलेल्या आयुष्यात शिडी बघितली नाही तरी चालेल.

"आणि तुला, कोमाद्रे?"

एस्टेलाला कुठेच जायचं नव्हतं. तिला फक्त संध्याकाळी जेवून झोपायचं होतं. रिकाम्या खाणावळीत कपाची वेळ संपेपर्यंत ताटकळत बसायचं आणि कुणी आलं तर म्हणून कॉफी आटवायची, याचा तिला वीट आला होता. आणि कॉफी तिला पहिल्यापासून आवडत नव्हती. ऑरविलने न विचारताच सांगितलं, की नाग त्याच्या बिछान्यासमोरच्या खिडकीत लोंबतो आणि इतकी वर्षं तो लाल उजेडात डोळ्यांवर मोजा बांधून झोपतोय.

"मग बोलला का नाहीत?" ओपलने विचारलं.

तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. वेंडेलच्या बायकोसमोर कसं बोलायचं?

"मी तुमच्यासाठी लावत होते," ती म्हणाली. "मूर्खांनो."

लाईलने टोपी काढली. आता सांगायला हरकत नाही, म्हणाला. वेंडेल इस्पितळात होता तेव्हाची गोष्ट.

"तो मला म्हणाला, लाईल, त्या दिवशी तोंडातून निघून गेलं रे. सहा महिन्यांत फाटा मिळेल असं वाटलं होतं. पण आता बिचारे तुम्ही इतक्या निष्ठेने लावताय, तर मी कोणत्या तोंडाने बंद करू?"

"आणि हे तू आज सांगतोस मला?"

"तुला वाईट वाटलं असतं."

ओपलला हसू आलं. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग खुर्ची. एस्टेलाला वाटलं ती रडते आहे आणि ती पाणी आणायला धावली. परत येईस्तोवर लाईलही हसत होता आणि ऑरविल ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेऊन जमिनीवर बसला होता. वेंडेल मेला तेव्हा ओपल जितकी रडली नव्हती तितकं पाणी तिच्या डोळ्यांतून त्या संध्याकाळी आलं, आणि त्यातलं थोडं त्याच्यासाठीही होतं.

एक पेच उरला. पहिला कोण? शपथ ती शपथ. ऑरविलचा नाग आधीच काढलेला, पण तो मदतीसाठी काढला होता, मालवण्यासाठी नाही, असं ऑरविलचं म्हणणं. झाड जळालं, तेही मालवणं नव्हे. शेवटी असं ठरलं, की ऑरविलने नाग परत जोडून लावायचा, सगळ्यांनी आपापल्या स्विचपाशी उभं राहायचं, लाईलने ट्रकचा भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांनी एकदम बंद करायचं. म्हणजे पहिला कुणीच नाही. ऑरविल कुरकुरत गेला, पण गेला.

ओपल काउंटरमागे उभी राहिली. तिच्याकडे बंद करायला काही नव्हतं. मग तिची नजर दुसऱ्या खटक्यावर गेली. झाडाखाली 'खोल्या शिल्लक' असं लिहिलेलं होतं आणि त्यापुढे 'नाहीत'. मोटेल भरलं की तेवढा शब्द पेटवायचा. त्याची जोडणी वेगळी होती. महामार्ग झाल्यापासून तो पेटला नव्हता. पेटेल की नाही कोण जाणे.

भोंगा वाजला. लांबलचक, घाटातून गाडी ओढून आणल्यासारखा. कप गेला, बाण गेला, नाग गेला. ओपलने खटका दाबला.

आधी नुसताच फडफडाट झाला, धूळ जळल्याचा वास आला, आणि मग अंधारात एकटा लाल शब्द उभा राहिला: नाहीत.

तिने आयव्हाला फोन लावला. दंतवैद्याला दुसरीकडे बघायला सांग, म्हणाली. आयव्हा लगेच छत्र्या आहेत का, असं विचारायला लागली. ओपलकडे छत्री नव्हती. टारबेटमध्ये कुणाकडेच नव्हती.

बोलता बोलता तिला खिडकीतून एक गाडी दिसली. खरीखुरी, जुन्या रस्त्याने, वाट चुकलेली, टपावर सामान बांधलेलं. मोटेलसमोर तिचा वेग कमी झाला. आतल्या माणसाने काच खाली करून मान वर केली, पाटी वाचली, आत कुणाला तरी काही सांगितलं आणि गाडी पुढे गेली.

"काय झालं?" आयव्हाने विचारलं.

"काही नाही," ओपल म्हणाली. "गिऱ्हाईक होतं. गेलं." आणि तिने काउंटरवरची घंटा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. पडताना ती एकदा वाजली. पण या वेळी ओपलने एक खोली की दोन, असं विचारलं नाही.