नळी अजून आली नाही

"खरं काय ते सांग, ओर्व्हल. ती नळी येणार आहे की नाही?"

आर्लिस रुड ओर्व्हलच्या रायफली घडवायच्या दुकानात शिरल्या शिरल्या बोलली. हातातला डबा तिने लेथशेजारी ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. पिकअपमध्ये तिचा नवरा डेल्मर अजून पट्टाच सोडवत होता. त्याला उतरून आत यायला हल्ली पाचेक मिनिटं लागायची.

"नळीवाल्यांकडून काही निरोप नाही," ओर्व्हल नेस्बी म्हणाला. हे तो मार्चअखेरपासून म्हणत होता. आता सप्टेंबर लागला होता.

"डॉक्टर म्हणाले, बर्फ पडेपर्यंतच आहे तो असं धरून चाला. क्लबची हजार यार्डांची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय. त्याला तेवढी एकदा मारायचीय, दुसरं काही मागत नाही. जावयाने मोठ्या दुकानातून नवी कोरी रायफल आणून दिली. सीटमागे पडलीय बघ. खोकासुद्धा उघडत नाही. म्हणतो, ओर्व्हलची येणारच आहे." तिचा आवाज खाली आला. "तुझ्या शब्दावर बसलाय तो. एक तर आण, नाही तर नाही म्हणून मोकळा हो."

 ओर्व्हलचा पाय नकळत टेबलाखालच्या पोत्याकडे गेला आणि मागे आला.

नळी मार्चमध्येच आली होती. त्या पोत्यातच होती.

चाळीस वर्षं लुईसटाऊनच्या आसपास कुणाला दूर पल्ल्याची रायफल हवी असली की तो ओर्व्हलकडे यायचा. ओर्व्हल कोरी नळी मागवायचा, तिच्या मागच्या टोकात काडतुसाचं घर कोरायचा, गिऱ्हाइकाच्या खांद्याला बसेल असा अक्रोडाचा दस्ता घडवायचा. शेवटी नळीवर बारीक अक्षरात स्वतःचं नाव ठोकायचा. बाजारातल्या तयार रायफलींना तो नावं ठेवायचा आणि लोकांना ते ऐकायला आवडायचं. तीन वर्षांपूर्वी त्याने कुणाची तरी तयार रायफल मैदानावर मारून पाहिली, तेव्हा पाचही गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती.

मार्चमध्ये डेल्मरची नळी लेथवर चढवली, तेव्हा खोली दाखवणाऱ्या डायलचा काटा त्याला दिसेना. डावा डोळा पूर्वीपासूनच अधू होता, आता उजव्या डोळ्याच्याही मधोमध एक करडा डाग आला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं, कडेचं सगळं दिसायचं. काट्याचा एक अख्खा फेरा मोजायचा राहिला आणि घर खोल गेलं. त्याने नळीचं ते टोक कापून पुन्हा कोरलं. या वेळी घर वाकडं गेलं. त्याने नळी पोत्यात गुंडाळली, आणि दुसऱ्या दिवशी डेल्मरचा फोन आला तेव्हा तोंडून निघून गेलं, अजून आली नाही. एकदा निघालं, मग निघतच राहिलं.

हे सांगितलं असतं तर गोष्ट एका नळीवर थांबली नसती. लेथ विकावी लागली असती.

"काय रे कासवा!" डेल्मर दारात उभा राहून दम घेत म्हणाला. "पोर व्हायलासुद्धा नऊच महिने लागतात."

त्याच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल फिरत होती. छत्तीस वर्षं काउंटीच्या खडीच्या रस्त्यांवर सपाटीचं ग्रेडर मशीन चालवलेला हा माणूस आता स्टुलावर बसतानाही टेबलाला धरत होता.

"डेल्मर," ओर्व्हल म्हणाला, "जावयाने आणलीय ती वापर."

"ती? अरे, कारखान्यात पिठाची पोती भरावीत तशा भरून काढतात त्या. तूच म्हणायचास."

"म्हणायचो. आता तसं राहिलं नाही. चांगल्या मारतात. माझ्याइतक्याच मारतात."

"आर्लिस, ऐकलंस का? मी आजारी आणि वात याला झालाय!" डेल्मर हसला. हसता हसता खोकला आला. खोकला थांबल्यावर तो शांतपणे म्हणाला, "जन्मभर थोरल्या भावाचे बूट घातले. घर सासऱ्याचं. मशीन काउंटीचं. एक वस्तू माझ्या मापाची असावी एवढंच होतं रे. घाई नाही मला. मी थांबतो."

आर्लिसने तोंड खिडकीकडे फिरवलं.

ओर्व्हल खाली वाकला. पोतं ओढून त्याने टेबलावर ठेवलं आणि उलगडलं.

"मार्चमध्येच आली होती. मी बिघडवली."

 डेल्मरने काडतुसाच्या घरात करंगळीचं टोक घालून फिरवलं.

"सरळच लागतेय की."

"चार थाऊने बाहेर गेलंय. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले चार."

"म्हणजे केसभर?"

"केसाहून जास्त. हजार यार्डांवर चालायचं नाही."

"मग दुसरी मागवायचीस."

"मागवून कोरणार कोण? डोळा गेलाय माझा. काट्याकडे बघितलं की काटा सोडून सगळं दिसतं."

"आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"तुम्हा दोघांनाच. आत्ता."

डेल्मरने करंगळीचं तेल विजारीला पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"एप्रिलमध्ये मी जिने चढत होतो, ओर्व्हल," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये सांगितलं असतंस तर दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतली असती. सोळा पौंडांच्या रायफलीचं धूड उचललं असतं. उन्हाळाभर रोज मैदानावर गेलो असतो."

"हो."

"हो काय, हो? उन्हाळा खाल्लास माझा."

"डेल्मर, जाऊ दे," आर्लिस म्हणाली.

"तू थांब. ऐकू दे त्याला. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

ओर्व्हलने मान खाली घातली. माफी मागावी असं त्याला वाटलं, पण तोंडाशी आलेले सगळे शब्द हलके वाटले.

आर्लिस बाहेर गेली. पिकअपचं दार वाजलं. ती एक लांबट खोका घेऊन आली आणि तिने तो नळीशेजारी ठेवला. डेल्मरने खोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शेवटी खिशातून चाकू काढून त्याने स्वतःच चिकटपट्टी कापली.

रायफल साधीच होती, लाकडी दस्त्याची. डेल्मरने ती खांद्याला लावली. नळीचं टोक खाली झुकलं. हात लांब करावा लागत होता.

"दस्ता लांब पडतोय," तो म्हणाला.

"कापता येईल."

"कोण कापणार? तू?"

"लाकूड हाताला कळतं. त्याला काटा लागत नाही."

डेल्मरने रायफल खाली ठेवली. तो दाराकडे बघत राहिला, आणि ओर्व्हलला वाटलं, आता हा उठून जाणार. गेला तर त्याला अडवायला आपल्याकडे तोंड नाही.

"मग माप घे," डेल्मर म्हणाला.

ओर्व्हलने डेल्मरचा उजवा हात टेबलावर ठेवला, न ताणता जिथे थांबला तिथेच. चापावर असावं तसं बोट वाकवायला लावलं. त्या बोटापासून खांद्याच्या खळगीपर्यंत टेप धरला. सदऱ्याखाली हाड लागलं. दीड वर्षापूर्वी याच टेपने त्याने पावणेचौदा इंच वाचले होते. आता आपल्या अंगठ्याजवळ त्याला नुसता पिवळा पट्टा दिसत होता, आकडे नव्हते.

त्याने टेप तसाच धरून ठेवला. डेल्मरच्या ते लक्षात आलं. त्याने मान वळवून खाली पाहिलं. पहिलं माप त्यालाही आठवत असावं.

"साडेबारा," तो म्हणाला. मग पुन्हा वाकून नीट पाहिलं. "साडेबाराच. लिही."

ओर्व्हलने कानामागची जाड पेन्सिल काढली आणि खोक्याचं झाकण ओढलं.

"मोठं लिही. नाही तर उद्या तुला वाचून दाखवायला मी यायचं का?"

आर्लिसने झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. ओर्व्हलने तळहाताएवढे आकडे काढले, एकेक सावकाश.