फोटोत रांग सरळ आली

साहेब, त्या पोरीचं माप तुम्ही तिच्या अंगावर घेतलंच नाही. तुम्ही ते रांगेवर घेतलंत. हे मी तोंडावर सांगते, कारण तुमच्यासमोर बोलायला माणसं घाबरतात. मला कुठून काढून टाकाल?

मित्रांनो, मी शर्यतीच्या सायकलची एक जुनी फ्रेम. चाकं, सीट, हँडल काढलं की मागे जो सांगाडा उरतो, तो म्हणजे मी. चाकं बदलता येतात, सीट वरखाली करता येते. पण माझी लांबी कारखान्यात एकदा जोडली की जोडली. ती मग कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

मेकाँग नदीच्या मुखाजवळच्या एका प्रांताच्या महिला सायकल संघासाठी आम्ही बहिणी आलो, सगळ्या एकाच मापाच्या. माप ठरवताना ज्या बसणार त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आमच्याहून एक माप लहान अशी आणखी एक होती. ती शाळकरी मुलींसाठी म्हणून आणलेली आणि शेडच्या भिंतीला टांगलेली.

मी किम थोआच्या वाट्याला आले. खाडीकाठच्या नारळवालीची लेक, चोवीस वर्षांची. पाय लांब, पण धड आणि हात आखूड. उंची बघितली तर मी तिची, हात बघितले तर भिंतीवरची तिची. दोन मापांच्या मधली बाई! अशा बाईनं लहान फ्रेम घ्यावी. लहान फ्रेमची सीट वर करता येते, हँडल थोडं पुढे नेता येतं. लहानीला वाढवता येतं, मोठीला कापता येत नाही. एवढीच गोष्ट आहे, पण तीही लोकांना कळत नाही.

थोआनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, हिच्यावर मी पालथी पडल्यासारखी होते. ती भिंतीवरची द्या ना."

आमचे प्रशिक्षक विन्ह सर दोन खांबांना बांधलेल्या झोळीत पडून उसाचा रस पीत होते. "ती पोराटोरांची आहे. तू काय कुक्कुलं बाळ आहेस?"

"तसं नाही सर, हात पुरत नाहीत."

"पुरतील. सरावानं लांब होतील."

संघात साऊ ताई सगळ्यांत मोठी. ती म्हणाली, "सर, चोविसाव्या वर्षी हात लांब होतात होय? मग माझं नाक पण जरा वाढवा की! लग्न जमेल."

सगळ्या खो खो हसल्या. सरही हसले आणि उठून त्यांनी ती लहान फ्रेम खाली काढली. खरं सांगते, सर वाईट माणूस नव्हते. त्या सकाळी थोआ लहान फ्रेमवरून कालव्याच्या कडेनं गेली आणि गाणं म्हणत परत आली. मी रिकामी उभी होते. मला हेवा वाटला, पण गाणं मी ऐकलं.

आमच्याकडे संघ शर्यतीला निघायच्या आधी निरोपाचा समारंभ असतो. झेंडे, फुलं, भाषणं. सायकली एका रांगेत, हँडलं एका रेषेत, मागे मुली. त्याची रंगीत तालीम बघायला साहेब, प्रांताच्या क्रीडाखात्याचे मुख्य म्हणून तुम्ही आलात. रांगेवरून नजर फिरवलीत आणि थोआपाशी थांबलात.

"ही बुटकी सायकल इथे काय करतेय? पुढचा दात पडल्यासारखं दिसतंय. फोटो आहे उद्या."

सर म्हणाले, "साहेब, तिचे हात..."

"विन्ह, हात फोटोत कोण मोजतंय?"

लहान फ्रेम पुन्हा भिंतीवर गेली. दुसऱ्या दिवशी मला फडक्यानं पुसून चकचकीत केलं. "वा, कशी एकसारखी दिसतायत!" तुम्ही म्हणालात. मित्रांनो, आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. तेव्हापासून कौतुकाचा शब्द ऐकला की मला गंज चढल्यासारखं होतं.

मग सुरू झाली ठिगळं लावायची कामं. सीट पुढे ढकलली, तर थोआचे गुडघे दुखायला लागले. हँडलला माझ्याशी जोडणारी मान आखूड केली, तर मी जरा वळवलं की बावचळायला लागले. कोपरं ताठ, सगळा भार तळव्यांवर. बोटं बधिर होऊन जेवताना तिच्या हातातून घास उचलायच्या काड्या गळायच्या आणि मुली म्हणायच्या, "अगं, तुला चमचा आणू का?" तीही हसायची. आमचा मुलूख सपाट. सगळ्यांत मोठा चढ म्हणजे नदीवरचा पूल! सपाटीवर चुकीचं माप नुसतं दुखतं. उतारावर काय होतं ते आमच्यात कुणी पाहिलंच नव्हतं.

शर्यत डोंगरात होती. चढ ती छान चढली. उताराला धुकं आणि ओला रस्ता. खाली वाकून ब्रेक घट्ट धरायचा, तर हात ताठ आणि बोटं बधिर. वळण आलं. तिनं ब्रेक ओढला, पण तो अर्धाच ओढला गेला. माझी मान थरथरली. मला वळायचं होतं हो, पण मला वळवायला तिच्या हातात काही उरलंच नव्हतं. आम्ही दोघी कठड्यावर आदळलो.

मला एक पोचा आला. त्यावर संघाचं चिन्ह चिकटवलं की झालं. थोआच्या कोपराचा चुरा झाला. तो हात आता सरळ होत नाही. आमच्याकडे होडी उभ्यानं, वल्हं पुढे रेटून चालवतात. तिला ते रेटता येत नाही. नारळ विकायला निघाली की म्हातारी आई वल्हवते आणि ती पाहुणीसारखी पुढे बसते.

तुम्ही काय म्हणालात, साहेब? "सपाटीवरच्या पोरी. उताराला घाबरतात."

मित्रांनो, सायकल घ्याल तेव्हा आधी तिच्यावर बसा. कोपर थोडं वाकतंय का बघा. मधलं माप आलं तर दोन्हींवर बसा आणि हाताचं ऐका. "होईल सवय" असं कुणी म्हटलं तर खाली उतरा. चुकीच्या मापाची सवय होत नाही, इजा होते.

आज मला येन नावाच्या नव्या मुलीपुढे उभं केलंय. तिचेही हात आखूड आहेत. उद्या निरोपाचा समारंभ आहे. तालमीच्या रांगेतून ती पुढे आली आणि भिंतीकडे बोट करून म्हणाली, "साहेब, मला ती लहान मिळेल का?"

साऊ ताई खाली बघतेय. विन्ह सर तुमच्याकडे बघतायत. तुम्ही फोटोवाल्याकडे बघताय.

तिकडे नका बघू. पोरीनं तुम्हाला विचारलंय. तिला उत्तर द्या.