तो किती वाजता उठतो

“‘मी सातला उठते’ हे मला नकोच आहे, सर,” मावशी खडू खाली ठेवत म्हणाली. “मी उठतेच. नाही उठले तर लाँड्रीवाला दार बडवून उठवतो. मला ‘तो उठतो का’ एवढं शिकवा.”

स्पॅनिशचा वर्ग हसला. विमा एजंट तर बाकावर थाप मारून हसला. “मावशी, तो म्हणजे कोण? काका अजून लोळतायत वाटतं?”

“माझा मुलगा,” मावशी म्हणाली. “बोटीवर असतो. इंजिनाच्या शिडीवरून पडला. बोट त्याला परदेशातल्या एका बंदरावर, दवाखान्यात टाकून पुढे निघून गेली.”

एजंटाची थाप बाकावरच राहिली. ती उचलायची कशी, हे त्याला कळेना.

बोटीच्या कंपनीत एक कारकून होता. मावशी रोज इस्त्रीचं काम संपवून त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची आणि तो रोज कागदावरून मान वर न करता सांगायचा, “प्रकृती स्थिर आहे.” शेवटी एक दिवस मावशी त्याला म्हणाली, “स्थिर म्हणजे काय हो? दगडसुद्धा स्थिरच असतो.” त्यावर कारकुनानं दवाखान्याचा नंबर एका चिठोऱ्यावर लिहून दिला. “तुम्हीच विचारा. तिथे फक्त स्पॅनिश चालतं,” असं म्हणून तो चहाला गेला. मावशी तिथून थेट या क्लासचा जिना चढली.

आता या क्लासच्या सरांचं काय सांगावं! गेली कित्येक वर्षं ते एकच पुस्तक शिकवत होते: आठवड्याचे वार आणि रोजची दिनचर्या. बॅच यायची, ‘लुनेस, मार्तेस, मिएर्कोलेस’ करत रविवारपर्यंत पोचायची आणि त्यानंतर कुणाचं लग्न ठरायचं, कुणाची बदली व्हायची, कुणाचा उत्साह ओसरायचा. त्यामुळे सरांचं स्पॅनिश आठवड्याच्या बाहेर कधी पडलंच नाही. त्यांच्या खिडकीत बसणारी कबुतरंसुद्धा वार बरोबर म्हणायची, असं ऐकणारे शपथेवर सांगत. सर मात्र छातीठोकपणे सांगत, “मी तिकडे सात वर्षं काढलीत. बाजारात माझ्याशी बोलायला माणसं रांग लावायची!” खरं म्हणजे सर स्टेशनच्या पलीकडेही फारसे गेलेले नव्हते.

शिकवायची त्यांची तऱ्हा मात्र न्यारी होती. टेबलावर सरळ आडवे व्हायचे, घोरायचे, मग दचकून उठून बसायचे आणि ओरडायचे, “मे लेवांतो! मी उठतो!” डस्टरनं दात घासायचे, नकाशाच्या काठीनं केस विंचरायचे. पोरी तोंडाला रुमाल लावून हसायच्या. मावशी तेवढी हसत नसे. सर टेबलावर पडले की ती अर्धवट उठून उभी राहायची आणि ते उठून बसले की तीही खाली बसायची.

“ताई, तुम्ही का उभ्या राहता?” सरांनी एकदा विचारलं.

“असंच,” ती म्हणाली. “तुम्ही उठून बसलात की बरं वाटतं.”

सरांनी तिला शिकवलं: से लेवांता, तो उठतो. कोमे, तो जेवतो. आब्ला, तो बोलतो. दुएर्मे, तो झोपतो. इस्त्री फिरवता फिरवता ती तेच घोकायची. लाँड्रीवाला म्हणे, “हिला कशाचं तरी लागीर झालंय.”

बुधवारी क्लासच्या मालकीणबाईंनी फोनच्या लाकडी पेटीचं कुलूप काढलं. फोन वर्गात टेबलावर आणला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. “बोला,” त्या म्हणाल्या आणि पदरानं उगाचच फोन पुसत राहिल्या.

“सर, तुम्हीच बोला आधी,” मावशी म्हणाली. “तुम्ही सात वर्षं राहिलायत.”

सरांनी चिठोऱ्यावरचा नंबर फिरवला. नंबर लागला. खूप लांबून एका बाईचा आवाज आला. सरांनी मुलाचं नाव सांगितलं आणि विचारलं, “कोमो एस्ता? कसा आहे?”

आणि काय विचारता! पलीकडून असा काही लोंढा सुटला की सर त्यात पार वाहून गेले. ती नर्स बोलतेय, बोलतेय, मध्ये उसासा टाकतेय, पुन्हा बोलतेय. सरांच्या हाती त्यातला एकच शब्द लागला, ‘मिएर्कोलेस’, बुधवार. तो तर त्यांना कॅलेंडरवरही दिसत होता.

“काय म्हणते?” मावशीनं विचारलं.

सरांनी कपाळावरचा घाम डस्टरनंच पुसला. कपाळ पांढरं झालं. कुणी हसलं नाही. मग बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसं सरांनी आपलं पुस्तक धरलं. त्यांनी लहान पोराला विचारावं तसं सावकाश विचारलं, “तो किती वाजता उठतो?”

नर्स थांबली. समोरच्या माणसाकडे शब्द किती आहेत, हे तिला बहुतेक कळलं. तीही मग तितक्याच सावकाश म्हणाली, “नो से लेवांता.”

सर वर्गाकडे वळले. चेहऱ्यावर हसू ओढून आणत म्हणाले, “नर्स म्हणते, काळजीचं कारण नाही, हळूहळू...”

“सर,” मावशी म्हणाली, “उगाच काही सांगू नका. ‘नो’ म्हणाली ती.”

सरांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, आपण या बाईला इतकं चांगलं शिकवायला नको होतं.

मावशी फोनवर वाकली. “कोमे?” तिनं विचारलं.

“नो.”

“आब्ला?”

“नो, सेन्योरा. दुएर्मे.”

झोपतो. मावशीनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. “लुनेस?”

“दुएर्मे.”

“मार्तेस?”

“दुएर्मे.”

“पुरे, ताई,” सर पुटपुटले. पण तिला कोण थांबवणार? तिनं सगळा आठवडा विचारला, एकेक वार. प्रत्येक वाराला नर्सचा आवाज आणखी खाली गेला. रविवार झाला आणि विचारायला वारच उरला नाही. तेव्हा पलीकडून प्रश्न आला, “माद्रे?”

“सी, हो,” मावशी म्हणाली. “आई.” मग ती सरांकडे वळली. “तिला सांगा, फोन त्याच्या कानाशी धर म्हणावं.”

कान! कान शरीराच्या धड्यात होता आणि त्या धड्यापर्यंत कुठलीच बॅच टिकली नव्हती. सरांनी डोकं खाजवलं, स्वतःचा कान ओढला, जणू फोनमधून तो दिसणार होता.

“अहो, सांगा ना!” एजंट ओरडला. “सात वर्षं काय गवत उपटत होतात?”

“तेलेफोनो,” सर कसेबसे म्हणाले. “कामा. तेलेफोनो, कामा. पोर फावोर...” फोन, पलंग, कृपा करा. आवाज फाटला त्यांचा.

पलीकडे पावलं लांब गेली. मग चाकांची करकर ऐकू आली. तिकडच्या फोनची वायर पुरत नसावी, म्हणून ती बाई अख्खा पलंगच फोनकडे ढकलत आणत होती. करकर थांबली. आता फक्त श्वास ऐकू येत होता, जड आणि एकसारखा.

“ए राजा,” मावशी म्हणाली. आवाज रोजचाच, जरासा करवादलेला. “ऊठ. उजाडलं केव्हाच. पाणी तापवलंय, निवून जाईल. मग माझ्यावरच ओरडशील, आई, हाक का नाही मारलीस म्हणून. मारतेय की हाक. ऐकतोयस ना? ऊठ रे. शर्टाला इस्त्री केलीय, निळ्या. कॉलर पण बसवलीय नीट.”

श्वास तसाच चालू होता. एक पोरगी बाकावर डोकं टेकून रडायला लागली, तशी मालकीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मावशी बराच वेळ वाट पाहत राहिली. सर पुढे झाले आणि त्यांनी फोन बंद करायला हात लांबवला. तिनं तो हात बाजूला केला, हळूच.

“बरं,” ती फोनला म्हणाली. “लोळ अजून पाच मिनिटं. मी इथेच आहे.”

तिनं सरांची खुर्ची ओढली आणि फोनशेजारी बसली.

जिन्यात पावलं वाजली. पुढची बॅच हसत-खिदळत दारात आली. विमा एजंट चवड्यांवर चालत दाराशी गेला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं.