डाव्या पायाचा मोजा

डॉक्टर विद्याधरांचा हात परसूच्या उजव्या बरगडीखाली थांबला, तो पुढे सरकेना. अहवाल टाइप करायला बसलेल्या कावेरीची बोटं अधांतरी राहिली. जयनगरच्या या अंधाऱ्या सोनोग्राफीच्या खोलीत अठरा वर्षं ती परक्यांच्या पोटांतली वाक्यं उतरवत आली होती. कोणत्या शांततेनंतर कोणतं वाक्य येतं, हे तिला आधीच कळे.

"रोज मिरची बोंडा खाऊ नका म्हन्ले," पायथ्याशी उभी असलेली परसूची बायको, गंगव्वा, पुटपुटली. "खडंच आसनार."

परसूला कुशीवर वळवलं. खडा असता तर घरंगळला असता. पित्ताशयाच्या भिंतीला धरून बसलेली करडी गाठ हलली नाही. उलट पडद्यावर तिच्यात रक्ताचे तांबडे-निळे ठिपके लुकलुकले. यकृतातही तशाच दोन सावल्या होत्या.

"हे मूळचं इथलं वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुठून आलंय ते कळलं, तर औषधाला दिशा मिळेल. अंगावर कधी काळा डाग? काही कापलेलं?"

"न्हाई."

उत्तर फार लवकर आलं. कावेरीनं ते टाइप केलं. मग तिची नजर खाली गेली. भर एप्रिलात परसूच्या डाव्या पायात मोजा होता, उजवा उघडा. येलहंक्याच्या रोपवाटिकेत अनवाणी हयात गेलेला हा माणूस मघाशी डावी टाच उचलून आत आला होता.

"अण्णा, तो मोजा?"

परसूनं गंगव्वाला पाणी आणायला धाडलं. दार लागेपर्यंत थांबला आणि मोजा उतरवला. टाचेवर सांडलेल्या शाईसारखा डाग, कडा फुटलेल्या. त्यानं सांगितलं, कुरूप समजून चार वर्षांपूर्वी गंगव्वानं त्यावर बिबा तापवून लावला होता, नंतर ब्लेडनं तासलंही होतं.

"लिवा, अक्का. पर तिला कळू देऊ नका."

"बिब्यानं कॅन्सर होत नाही," डॉक्टर म्हणाले. "मी समजावतो त्यांना."

"तुमी सांगशीला. ती ऐकंल बी. मग रोज ह्यो पाय बघंल."

कावेरीनं 'नाही' पुसलं.

गंगव्वा बाटली घेऊन आली, तेव्हा तो मोजा चढवत होता. ती दारातच थबकली.

"दुखतंय तुमचं पोट. पाय कशाला दाखवला?"

त्यानं बाटली घेतली, एक घोट प्याला, झाकण घट्ट लावून तिच्या हाती परत दिली. मग डावी टाच पूर्ण टेकवत, न लंगडता, तो तिच्या बाजूनं बाहेर निघून गेला.