पावणेदोन किलोची चूल

समीक्षाने ती चूल निवडली घरातल्या पिठाच्या काट्यावर. सांगलीच्या एका कॉलेजात ती प्रयोगशाळा सहायक होती. हातात येईल ते मोजून बघायची तिला सवयच होती. सुट्टीत डोंगर तुडवणाऱ्या एका गटात ती सहा वर्षं होती आणि गटाचं सामान तिच्याच ताब्यात असे. जानेवारीत अठरा जण हिमाचलात बर्फातल्या ट्रेकला निघणार होते. तिथल्या थंडीत गॅसची डबडी गारठून बसतात, म्हणून तंबूतच पेटवता येईल अशी लाकडाची छोटी चूल न्यायचं ठरलं होतं. घडी करून सॅकमध्ये मावणारी, धुराचं नळकांडं तंबूच्या छतातून बाहेर काढता येणारी.

तीन चुली समोर होत्या. एक परदेशी, टायटॅनियमची, हलकी पण अवाच्या सवा महाग. दुसरी पुण्याहून आणलेली, जाड स्टीलची. भक्कम होती, पण काट्यावर साडेचार किलो भरली. तिसरी गटाचा प्रमुख विश्वजीत याने आष्ट्यात करवून घेतलेली. पातळ पत्र्याची, वरून काळा रंग मारलेली, नळकांड्यासकट पावणेदोन किलो. समीक्षाने काट्यावरच्या चुलीचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘प्रश्नच मिटला. हीच.’ टाळ्यांच्या चित्रांची रांग लागली. आठवड्याच्या आत तशा सहा चुली तिच्या गॅलरीत येऊन पडल्या, तिघांमागे एक.

डिसेंबरच्या मध्याला मेढ्याच्या वरच्या अंगाला एका पठारावर गटाने मुक्काम केला, तंबू आणि चुली तपासायला. सकाळी उजाडल्यावर समीक्षाने आपल्या तंबूत पहिली चूल पेटवली. सोबत पल्लवी आणि सोनिया होत्या, झोपायच्या पिशव्यांतून नुसती नाकं बाहेर काढून. काटक्या छान धडधडल्या, नळकांड्याने धूर नीट ओढला. पाच मिनिटांत पत्रा तापला आणि वास आला.

सुरुवातीला रॉकेलसारखा. मग कुजक्या लसणासारखा. त्यावर एक गुळमट गोडी, जी नाकात न थांबता जिभेच्या मुळाशी जाऊन चिकटली. सोनिया तंबूची चेन उघडायला धडपडली, पण तिला तेवढी उसंत मिळाली नाही. रात्रीचं पिठलं तिने स्वतःच्याच बुटात ओकलं. तिघी रांगत बाहेर आल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडात लाळेच्या तारा.

पल्लवी म्हणाली, “काहीतरी मेलंय आत.”

हा वास समीक्षाच्या ओळखीचा होता. जतजवळ तिच्या वडिलांची द्राक्षबाग होती. फवारणीच्या दिवशी वडील घरात शिरत नसत. हौदावरच कपडे उतरवत आणि आई ते कपडे काठीने उचलून वेगळ्या बादलीत टाकायची. एकदा औषधाच्या रिकाम्या डब्यात साचलेलं पाणी प्यायलेली शेळी दारातच तोंडाला फेस आणून पाय झाडत मेली होती. औषध! बागायतदार विषाला औषध म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

तेवढ्यात विश्वजीत आला. त्याने नाकाला रुमाल लावला आणि हसला. “अगं, नवी चूल आहे. पहिल्या आगीला कुठलीही चूल वास मारते. रंग जळतोय.”

ते खोटं नव्हतं. नवी चूल आधी उघड्यावर जाळून घ्यायची असते, हे समीक्षालाही माहीत होतं. म्हणून तिने ती बाहेर आणून चांगली तापेस्तोवर दोनदा पेटवली, दोनदा गार केली. तिसऱ्यांदा पेटवली तेव्हाही तोच वास. विश्वजीतने त्याच चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं आणि पोरं वारा बघून जागा बदलत कप भरून घेत होती. तिच्याही हातात कुणीतरी कप दिला. त्यातून वाफेबरोबर तोच वास आला. तिने कप गवतात उलटा केला.

चूल निवल्यावर ती घेऊन समीक्षा खडकाआड बसली. पत्र्याच्या कडा दुहेरी मुडपलेल्या होत्या. त्या मुडपीतून शेंबडासारखं पिवळट काहीतरी पाझरून करपलं होतं. तिने दगडाने तळाचा काळा रंग खरवडला. खालून पिवळा रंग निघाला, मग एका लाल चौकोनाचा कोपरा, आणि त्यात अर्धी कवटी.

तिने विश्वजीतला बाजूला बोलावून ते दाखवलं. त्याने त्या कवटीवर अंगठा ठेवला, जणू झाकली की नाहीशीच होणार.

“कुणाला दाखवलंस?” त्याने विचारलं.

पहिला प्रश्न हा. समीक्षाला त्याच्या त्या अंगठ्याचीच किळस आली.

सोमवारी रजा टाकून ती आष्ट्याला गेली. चांदसाहेबांचं पत्र्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. ट्रंका, कोठ्या, चाळण्या. म्हातारा चष्मा कपाळावर सरकवून चुलीकडे बघत राहिला.

“पत्रा माजा न्हाई, बाई,” ते म्हणाले. “डबं विश्वजीतरावांनीच पोत्यानं आनून टाकलं. औषधाच्या दुकानातलं. म्या म्हनलं, ह्येची चूल करू नगा, ह्येची कोठीसुदीक करू नगा. तर म्हनलं, चाचा, शोचं काम हाय, पेटवायची न्हाई.”

“आणि तुम्हाला पटलं?”

चांदसाहेब कातरीची धार बोटाने चाचपत राहिले. “शोचं काम, तर मग नळकांडं कशाला, ह्ये इचारायला पायजे हुतं. न्हाई इचारलं.”

समीक्षाने त्यांना चार शब्द सुनावायची तयारी करूनच एसटी पकडली होती. पण तिने तरी काय विचारलं होतं? दिवसभर बाटल्यांवरची लेबलं वाचायची नोकरी तिची, आणि तिने चूल नुसती काट्यावर ठेवून ‘हीच’ म्हटलं होतं. गावभर वास मारणाऱ्या गोष्टीला पहिला अंगठा तिचाच.

बुधवारी विश्वजीतच्या दुकानाच्या माडीवर गटाची बैठक झाली. समीक्षाने खरवडलेली चूल मध्ये ठेवली, चांदसाहेब काय म्हणाले ते सांगितलं आणि निवड आपलीच होती हेही सांगितलं. मग विश्वजीत खाकरला.

“झालं ते झालं. नसतं नाव खराब व्हायला नको. आपण ह्या चुली नेत नाही, भाड्याने दुसऱ्या घेऊ. आणि ह्या टाकायच्या कशाला? मेंढपाळांना वाटू. ऊस तुटलेल्या रानात पालं पडलीत सगळीकडे. ती माणसं उघड्यावर तर पेटवतात, त्यांना काय वास आणि काय! चार फोटो निघतील.”

समीक्षाला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. पल्लवीने मान डोलावली. “चांगली कल्पना आहे. ब्लँकेटपण देऊ बरोबर.” जिने आपल्या बुटात ओकलं होतं ती सोनिया मोबाईलकडे बघत म्हणाली, “रविवारी जमेल मला.”

मधे वडे आले होते. चूल बाजूला सारून तिथेच कागद पसरला गेला आणि हात पुढे आले. तेलकट बोटं, हिरवी चटणी, त्याच्याशेजारी ती अर्धी कवटी. समीक्षाला खोलीतल्या प्रत्येक तोंडाची शिसारी आली.

“त्यातल्याच एका पालात माझा चुलता राहतो,” ती म्हणाली.

सगळ्यांचं चावणं थांबलं. ती धनगरांची आहे हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. ध्यानात ठेवावं असं वाटलं नव्हतं, इतकंच. विश्वजीत अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “अगं, मग तुझ्या चुलत्याला नको देऊस.”

ती उठली. चप्पल घालताना मागून हलकं हसणं ऐकू आलं. कुणाचं, ते तिने वळून बघितलं नाही.

चुली तिच्याच गॅलरीत होत्या हे एक बरं झालं. पहाटे तिने त्या पोत्यात भरल्या, शेजाऱ्याची रिक्षा केली आणि पुन्हा आष्टा गाठलं. गटाला तिने एकच ओळ लिहिली, ‘चुली मी मोडायला नेल्या आहेत,’ आणि त्याखाली कवटीचा फोटो. रिक्षा गावाबाहेर पडेस्तोवर तिला गटातून काढून टाकलेलं होतं.

चांदसाहेबांनी काही न विचारता ऐरण बाहेर ओढली. दोघांनी तोंडाला फडकी बांधली. ते छिन्नीने भोकं पाडत गेले, ती हातोड्याने चेपत गेली. पोत्यात बघून जाणारा एक भंगारवाला म्हणाला, “कशाला नासताय? चांगला पत्रा हाय, माझ्याकडं द्या.” समीक्षा त्याच्यावर अशी खेकसली की तो सायकल हातात धरून चालतच निघून गेला. दुपारी चेपलेला ढीग तिने तिथल्या कारखान्यांचा रासायनिक कचरा नेणाऱ्या गाडीत चढवला. साबणाने तीनदा हात धुतले, तरी नखांतून तो गुळमट वास येतच राहिला.

परतताना आष्ट्याच्या रानात नानासो काकांचं पाल दिसलं, तशी ती उतरली. मेंढरं तुटलेल्या उसाच्या खोडव्यात बसली होती. काकांनी तीन दगडांत पाचट पेटवून चहा ठेवला आणि तिने त्यांना झालेलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “आवं काका, तुमच्या दारात आणून देणार हुते.”

नानासोंनी पाचटाची मूठ आत सारली. “दिली असती तर घेतली असती गं आमी.”

“वास आला असता की!”

“वासाचं काय? आमी मेंढरातच ऱ्हातूय. फुकटची चूल, घोड्याला वजन न्हाई. तुजी काकी लय खूश झाली असती.” त्यांनी कपात चहा ओतून तिच्यापुढे धरला. “पावसात पालात घेतली असती पेटवून. दार लावून.”

समीक्षाने कप घेतला. चहा दुधाळ होता, गोड होता, आणि कप धरलेल्या नखांना अजून तोच वास होता. पहिला घोट तोंडात फिरला आणि तो गिळावा की थुंकावा हे तिला कितीतरी वेळ कळेना. काका समोर बसून वाट बघत होते. तिने डोळे मिटून तो गिळला.