उजव्या पायाची शिवण

आमचे हे शिंपी. चौऱ्याहत्तरी गाठली तरी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा कापडाचा तागा स्वतःच काढणार. कुणी मदतीला पुढे आलं की त्याच्याकडे असं बघणार, जसं काही त्याने यांची कात्रीच मागितली. असाच तागा काढताना एक दिवस पडले आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं, कारण आमचं दुकान खाली आणि घर वर, मधे वीस पायऱ्यांचा जिना. वर आले ते खिडकीपाशी बसले, ते बसलेच.

लेक आली, आठ दिवस राहिली, आणि जाताना मला स्वयंपाकघरात ओढून घेऊन बोलली. तीन महिन्यांनी ती परत येणार होती. तोवर बाबा एकटे जिना उतरून परत चढले तर आम्ही इथेच राहायचं. नाही तर दुकान कुणाला तरी देऊन टाकायचं आणि दोघांनी तिच्याकडे जायचं, तळमजल्यावर, दोनशे मैल लांब. पोरगी वाईट बोलत नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. तिच्या घरी आमची आबाळ झाली नसती. पण मशीनपासून लांब हा माणूस वर्षभरही टिकला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. लेकीची अट यांच्या कानावर घातली, पण हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आत्ता सांगतेय.

मग आठवड्यातून दोनदा एक मुलगी यायला लागली, व्यायाम शिकवायला. खुर्चीवरून हात न टेकता उठा, बसा. टेबलाला धरून टाचा उचला. एका पायावर उभं राहून वीस आकडे मोजा. दिवसातून तीनदा. आणि संपलं म्हणून यांनी सुस्कारा टाकला की ती गोड हसून म्हणणार, अजून दहा. यांनी तिचं नावच ‘अजून दहा’ ठेवलं. दारावर टकटक झाली की म्हणायचे, आली बघ अजून दहा, सांग मी मेलो म्हणून.

मी तिच्यावर आधीपासूनच चिडून होते. पहिल्याच दिवशी तिने मला सुनावलं होतं की यांच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा नाही. पेला टेबलावर ठेवायचा, काकांना उठून घेऊ द्यायचं. पन्नास वर्षं मी ज्या माणसाला पाणी दिलं त्याला तहानलेला बघत बसू? पण ती ऐकेल तर शपथ. तिचं म्हणणं, हाड डॉक्टरांनी जोडलं, पण त्याला सावरून धरणारं मांस बसून बसून विरघळतं. आणि वय कितीही असो, कामाला जुंपलं की ते परत येतं.

हे म्हणाले, जुनं कापड आहे पोरी, ताणलंस तर फाटेल. ती म्हणाली, काका, जुनं कापड कुठे फाटतं हे तुम्हीच मला सांगा. वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेलं कापड घडीवर फाटतं, हे शिंप्याला वेगळं सांगायला नको. त्या दिवशी यांनी निमूटपणे दहावर दहा केले.

तीन आठवडे केले आणि मग हात आखडला. म्हणजे पायच म्हणा. सकाळी खुर्चीतून उठेनात. काही फरक नाही म्हणे, पँट अजून पिशवीसारखी लोंबतेय. ‘अजून दहा’ने टेप लावून दाखवली, मांडी कणभर भरली होती. यांनी भीक घातली नाही. टेप गुंडाळली की माणूस एक तर पोट चोरतो नाही तर छाती फुगवतो, हे त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांत पाहिलेलं. त्यांचा विश्वास अंगावरच्या कापडावर. कापड कुणाची भीड ठेवत नाही, असं ते म्हणायचे.

त्या दुपारी ते झोपल्यावर मी त्यांची राखाडी पँट घेतली आणि उजव्या पायाची बाहेरची शिवण आत घेतली. एक सूतभर, जास्त नाही. मशीन खाली दुकानात, म्हणून हातानेच टाके घातले. काज-बटणं आणि हातशिलाई आमच्या दुकानात माझ्याकडेच असायची, त्यामुळे काम बेमालूम झालं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पँट चढवताना यांनी मांडीवरून हात फिरवला, थांबले, परत फिरवला. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. “भरतेय वाटतं,” एवढंच म्हणाले आणि खुर्चीपाशी जाऊन सुरू झाले.

मग काय, मला सवयच लागली. दर आठवड्याला एक सूत. पाच आठवडे मी नवऱ्याला शिवणीतून फसवत होते. आणि हे असे पेटले की ‘अजून दहा’ म्हणायच्या आधीच वीस करून मोकळे. भूक लागायला लागली. दुपारची झोप गेली आणि रात्रीची परत आली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी अर्धी केली. रेडिओवरच्या बातम्यांशी पूर्वीसारखे भांडायला लागले, तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले, इतका आनंद झाला.

सहाव्या आठवड्यात पँट मांडीवर घेतली, सुईत दोरा ओवला, आणि पाहिलं तर शिवण आपणहून ताणलेली होती. सुई परत डबीत ठेवली. पण मनातली सुई काही निघेना. यातली मांडी किती आणि माझा दोरा किती? हा माणूस माझ्या टाक्यांवर भरवसा ठेवून जिना उतरणार, आणि टाका काही कुणाला तोलून धरत नाही. सांगावं तर धीर खचेल, न सांगावं तर पडतील. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

लेक ठरल्या दिवशी हजर झाली. हे कठड्याला हात लावून जिना उतरले. मी एक पायरी पुढे, त्यांच्याकडे तोंड करून, जशी काही पडले तर मीच झेलणार होते. दुकानात गेले, मशीनवरची धूळ बाहीने पुसली आणि परत फिरले. आता चढायचं होतं. लेक वर दारात, मी त्यांच्या मागे. सात, आठ, नऊ. मी चौथ्या पायरीवर होते आणि पुढे पाऊलच पडेना. मी तिथेच मटकन बसले आणि डोळे मिटून घेतले. आता धाडकन आवाज येणार म्हणून कान तेवढे उघडे होते.

आवाज आला तो पावलांचा, खाली येणारा. वरपर्यंत पोचलेला माणूस माझ्यासाठी सोळा पायऱ्या परत उतरला आणि माझ्याशेजारी बसला.

मग मला धीर धरवेना. मी सगळं ओकून टाकलं. पँट मी आत घेत होते, तुमची मांडी भरलीच नव्हती, तुम्ही पडला असतात तर ते पाप माझं होतं.

“पाच वेळा घेतलीस,” ते म्हणाले. “सहाव्या आठवड्यापासून थांबलीस. तू गाठ दुहेरी मारतेस. पहिल्याच सकाळी बोटाला लागली.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी मांडीवरच्या शिवणीवरून बोट फिरवलं. “लाज वाटली. माझी बायको चष्मा लावून माझा पाय भरायला बसलीय आणि मी रुसून खुर्ची अडवलीय. म्हटलं, ती जेवढी आत घेतेय तेवढं आपण भरून काढायचं. तिला खोटं पडू द्यायचं नाही.”

वरून लेकीचा घाबरा आवाज आला, आई पडली का?

“नाही गं, जरा दम खातेय,” हे म्हणाले. “तू चहा टाक. येतो आम्ही.”

आणि ते उठले, कशालाही हात न लावता. मग त्यांनी हात पुढे केला, आणि मी तो धरून उठले.